कडू लागतंय का?

श्रावण लागला की आमच्या हॉस्पिटलातले पुरुष दाढी करायचं थांबवतात. याबद्दल माझं इतकी वर्षं काही म्हणणं नव्हतं. देवाचं देवापाशी आणि गालाचं गालापाशी, असं धरून मी चालले होते. यंदा मात्र हॉस्पिटलात संसर्गाच्या पेशंटसाठी वेगळी खोली झाली. त्या खोलीत जाणाऱ्याने एन-९५ मास्क लावलाच पाहिजे असा नियम आला, आणि नियम पाळला जातोय की नाही हे बघणारी बाई मी आहे. हा मास्क गालाला चिकटून बसला तरच कामाचा. मध्ये दाढी आली की फटीतून हवा आत जाते आणि हवेत जे असेल तेही आत जातं. श्रावण आणि मास्क यांचं एका गालावर जमत नाही, एवढंच माझं सांगणं होतं. ते कुणालाही आवडलं नाही.

मी संचिता, कल्याणातल्या एका खाजगी हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर. काम काय, तर दिवसभर लोकांना हात धुवा म्हणून सांगायचं आणि ते धुतात का हे कोपऱ्यात उभं राहून बघायचं. या कामात मैत्र्या होत नाहीत. मी कॅन्टीनमध्ये शिरले की दोन-तीन जण वडापाव ठेवून बेसिनकडे निघतात, त्याला मी आदर समजते. मला माणसं चेहऱ्यापेक्षा हातांवरून जास्त लक्षात राहतात. लग्नाच्या पंगतीतही माझी नजर वाढप्याच्या नखांवर असते. त्यामुळे मला लग्नाला न्यायचं की नाही याचा नवरा आधी विचार करतो.

त्या वेगळ्या खोलीत पहिले आले ते दगडूकाका. मोहन्याला राहणारे, कारखान्यातून रिटायर झालेले, अंगाने धिप्पाड. बाथरूममध्ये पडून खुबा मोडला म्हणून आणलं, ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढला, तर वर्षभराचा खोकला तंबाखूचा नसून टीबीचा निघाला. तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. अशा पेशंटला 'आमच्याकडे बेड नाही' असं सांगायची पद्धत आहे. पण आमच्या हॉस्पिटलच्या मालकीण रचना मॅडम स्वतः छातीच्या डॉक्टर, त्यांनी ठेवून घेतलं. काकांना दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागे आणि त्याला ताकदीची माणसं लागत. बायकांच्या हातून अंग पुसून घ्यायला काकांनी साफ नकार दिला होता. मी आणि जया सिस्टर आत गेलो की ते चादर हनुवटीपर्यंत ओढून घेत आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत सोडत नसत.

म्हणजे खोलीत पुरुष हवेत, आणि पुरुषांना श्रावण.

मी सगळ्यांची फिट टेस्ट लावली. ही टेस्ट सोपी आहे. माणसाच्या डोक्यावर एक टोप घालायचा. धुण्याच्या पिशवीला खिडकी लावावी तसा तो दिसतो. त्यात एका भोकातून कडूजहर औषधाचा फवारा मारायचा. आधी मास्क न लावता मारायचा, म्हणजे माणसाच्या जिभेला कडू कळतं हे नक्की होतं. मग मास्क लावून मारायचा, मान डावी-उजवीकडे करायला लावायची, वाकायला लावायचं, बोलायला लावायचं. मास्क नीट बसला असेल तर काही लागत नाही. कडू लागलं की मास्क गळतोय. बोलण्यासाठी म्हणून मी सगळ्यांना एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. त्यात असं दिसलं की आमच्या हॉस्पिटलात एकोणतीसचा पाढा कुणालाही येत नाही, पण तो माझा विषय नव्हता.

दाढीवाले सगळे नापास झाले. कुणी म्हणालं, सकाळी कारल्याची भाजी खाल्ली होती. कुणी विचारलं, सोमवारचा उपास आहे, हा फवारा चालतो का. एकाने मलाच समजावलं की त्याची दाढी मऊ आहे, तिच्यातून जंतू जाऊ शकत नाहीत. रात्रपाळीचे डॉक्टर सुशांत यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी दाढी काढली. त्यांचा श्रावण मुळात मटणापुरताच होता, आणि त्याचंही काही खरं नव्हतं असं नंतर कळलं. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, तेही काढून आले, पास झाले आणि गणपतीची तयारी करायला म्हणून रजा टाकून रत्नागिरीला गेले. बाकीचे श्रावण संपेपर्यंत थांबा म्हणाले. राहिला प्रितम.

प्रितम आमचा सगळ्यात चांगला ब्रदर. कोपरच्या बाजूच्या जुन्या आगरी घरातला. जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, पण या पोराने घरच्यांचं न ऐकता नर्सिंग केलं. त्याचे हात मला पहिल्या दिवसापासून आवडले. नखं कापलेली, बोटात अंगठी नाही, मनगटात दोरा नाही. दगडूकाका त्याच्याशिवाय कुणाकडून पाणीही घेत नसत. त्याची दाढी श्रावणाची नव्हती. ती त्याच्याही आधीची, चार बोटं वाढलेली, आणि तो तिच्याबद्दल बोलत नसे.

टेस्टच्या वेळी मी त्याच्या डोक्यावर टोप चढवला आणि पहिला फवारा मारला. कडू लागतंय का, म्हणून विचारलं. तो ठामपणे नाही म्हणाला. मी आणखी मारला. नाही. आणखी मारला. नाही. चेहरा असा की देवळात उभा आहे.

"प्रितम," मी म्हटलं, "मास्क अजून लावायचाय."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग आतून म्हणाला, "मग लागतंय थोडं."

बाहेर पास झालेल्या सिस्टरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. आधी हो म्हणायचं असतं हे सांगायचं राहून गेलं होतं. मग मी मास्क लावून पुन्हा टेस्ट केली. तो पुन्हा नाहीच म्हणत राहिला. पण पाढा म्हणताना त्याचे डोळे भरून आले आणि गळ्याची घाटी सारखी वर-खाली होत होती. तो कडू गिळत होता. मी त्याला नापास केलं आणि दाढी काढेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं.

तेव्हा त्याने दाढीचं सांगितलं. त्याची बायको करिश्मा हिची दोन मुलं पोटातच गेली होती. आता सातवा महिना होता. दिवस राहिले तेव्हा त्याच्या आईने, गोदाबाईंनी, कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलला होता की मूल हाती येईपर्यंत प्रितमच्या केसांना पातं लागणार नाही, आणि मग बापाचे केस आणि लेकराचं जावळ एकदमच देवीला वाहू. सातवा महिना याआधी कधी आला नव्हता. आता दाढी काढली आणि काही झालं तर, एवढं बोलून तो थांबला.

मी नवसाला हसणारी नाही. माझ्या सासूने माझ्या नोकरीसाठी संकष्ट्या धरल्या होत्या आणि नोकरी मिळाली, आता कशामुळे मिळाली ते कोण सांगणार. पण माझ्यासमोरचा हिशेब सरळ होता. मास्क गळतोय. आत गोळ्यांना न जुमानणारा टीबी. घरात सात महिन्यांची पोटुशी बाई आणि मग तान्हं मूल. तो जे मूल वाचवायला दाढी ठेवत होता, त्याच मुलाकडे तो दाढीतून रोग घेऊन जाणार होता. हे मी त्याला अगदी याच शब्दांत सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला की मग आईला काय सांगू.

रचना मॅडमकडे गेले. दाढीवरही चालेल असा, पंख्याने हवा सोडणारा टोप बाजारात मिळतो, पण तो मागवायचा म्हणजे बराच वेळ लागणार होता. तोवर प्रितमला दुसऱ्या वॉर्डात टाका, असं त्या म्हणाल्या. टाकलं. डॉक्टर सुशांत दगडूकाकांना तपासून येत, पण पेशंटला कुशीवर वळवणं हे डॉक्टरचं काम आहे असं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काका चादर धरून पडून राहिले. त्यांच्या पाठीच्या खाली, माकडहाडापाशी कातडी लाल झाली. जयाने मला ते दाखवलं तेव्हा मला स्वतःचा राग आला. नियम बरोबर होता आणि म्हाताऱ्याची पाठ सोलवटायला लागली होती.

दोन दिवस गेले आणि लाली कमी झाली. मला बरं वाटलं आणि लगेच संशय आला. दुपारच्या जेवणाच्या वेळी मी त्या खोलीच्या काचेतून आत डोकावले. प्रितम काकांना कुशीवर घेऊन पाठ पुसत होता. तोंडावर दाढी कोंबलेले तीन मास्क एकावर एक, आणि डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा वाफेने पांढरा झालेला. वाफ वर येतेय म्हणजे श्वास फटीतून बाहेर पडतोय, आणि जिथून बाहेर पडतोय तिथूनच आत जातोय. मी काच वाजवली नाही. तो पाठ पुसून, पावडर लावून, उशा नीट लावून बाहेर येईपर्यंत मी थांबले आणि मग मी त्याला इतकं बोलले की समोरच्या वॉर्डातल्या पेशंटांनी टीव्ही बंद केला. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला की तुम्ही घरी येऊन आईशी बोला, मला नाही जमणार.

रविवारी मी फिट टेस्टचं किट पिशवीत घालून कोपरला गेले. घर म्हणजे त्यांच्याच जुन्या जागेवर उभी राहिलेली चार मजली बिल्डिंग, खालचा मजला यांचा. गोदाबाईंनी मला आधी जेवायला बसवलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आणि श्रावण असल्यामुळे नेहमीचं चांगलं काही करता येत नाही याबद्दल दिलगिरी. करिश्मा वाढत होती. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे फारसं बघितलंही नाही. माझी सगळी तयारी सासूशी भांडायची होती.

गोदाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की तुजा मास्क लावून कुणाला टीबी झालाच नाय, असं तू लिहून देशील का. मी म्हटलं, नाही देणार. त्या म्हणाल्या, "मंग? देवी पन लिहून देत नाय. मी दोगींवर सोडलाय. दाढी बी ठेवली, मास्क बी लावतो." असा बिनतोड मुद्दा मला कुठल्याही डॉक्टरने ऐकवलेला नाही. मी म्हटलं, मावशी, पण दाढी असली की मास्क नसल्यासारखाच आहे, हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवते. त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

प्रितमला दिवाणावर बसवलं. मास्क लावला, टोप चढवला. आधी मी माझ्यावरच करून दाखवलं होतं, त्यामुळे कडू लागणं म्हणजे काय हे सगळ्यांना समजलं होतं. मी फवारा मारला. कडू लागतंय का, विचारलं. तो नाही म्हणाला. मान फिरवायला लावली. नाही म्हणाला. गोदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माजा पोऱ्या खोटा बोलत नाय." त्यांचा चेहरा विजयाचा नव्हता, घाबरलेला होता. मी पुन्हा मारला. टोपाच्या खिडकीतून त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते, पण ते मला एकटीलाच दिसत होते.

करिश्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि खिडकीतून आत बघितलं.

"कडू लागतंय का?" तिने विचारलं.

फवारा आत तसाच तरंगत होता.

"लागतंय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून लागतंय."

मी टोप काढला. तो खोकला, थुंकायला उठला, पुन्हा बसला. करिश्मा आत गेली आणि दाढीचं नवीन रेझर घेऊन आली, अजून पाकिटातलं. मागच्या महिन्यातच आणून ठेवलंय, म्हणाली. मग ती सासूकडे वळली. आवाज चढवला नाही, पण पदर हातात घट्ट धरला होता.

"आई, नवस माझ्या पोटासाठी आहे ना? मग एकदा मला पण विचारायचं होतं. मी नको बोलले असते."

मला कानफटात बसल्यासारखं झालं, कारण मीही तिला विचारलेलं नव्हतं. तिला सोडून सगळ्यांशी बोलून झालं होतं. गोदाबाई बराच वेळ हातातल्या बांगड्या फिरवत बसल्या. मग उठल्या, देव्हाऱ्यासमोर गेल्या आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात देवीशी बोलल्या.

"आई, खोट झाली ती माजी. माज्यावर घाल. त्या पोटातल्यावर नको."

दाढी मागच्या मोरीत काढली. गोदाबाईंनी कोरं फडकं अंथरलं होतं आणि एक केस इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पातं लागायचं ते लागलं, निदान केस तरी वेळ आली की देवीच्या पायाशी जातील, असा त्यांनी मधला रस्ता काढला. मग त्यांना प्रश्न पडला. हे केस त्या खोलीत जाऊन आलेले. देवीला चालतील का? हे त्यांनी कुठल्या भटजीला नाही, मला विचारलं. मी सांगितलं की टीबी श्वासातून जातो, केसांतून जात नाही. त्यांना ते पटलं नाही. तुमच्याकडे कातऱ्या वाफवायची मशीन हाय ना, त्यातून काढून दे, म्हणाल्या.

ते केस मी सोमवारी हॉस्पिटलात नेले, कागदी पाकिटात सीलबंद केले आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले. जयाने विचारलं, हे कुठल्या ऑपरेशनचं सामान. मी म्हटलं, गालाच्या. पाकिटावरची पट्टी काळी झाली, म्हणजे वाफ पोचली. मी ते पाकीट गोदाबाईंना दिलं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांना लावून कपाटात ठेवलं. माझ्या नोकरीत निर्जंतुक केलेल्या वस्तूला इतका मान कुणी दिला नव्हता.

दाढी काढल्यावर प्रितम टेस्ट पास झाला. तो नाही म्हणाला आणि डोळे कोरडे होते. दगडूकाकांची पाठ भरून आली, पुढे ऑपरेशनही झालं. नव्या गोळ्या लागू पडल्या आणि ते काठी टेकत मोहन्याला गेले. जाताना त्यांनी मला आणि जयाला नमस्कार केला, लांबूनच.

प्रितमचा एक्स-रे आम्ही लगेच काढला होता. स्वच्छ होता. पण टीबीला घाई नसते. तो आत जाऊन महिनोन्महिने गप्प बसू शकतो, म्हणून दोन वर्षं मधून मधून तपासत राहावं लागेल, हे मी त्याला सांगितलं. सांगणं माझं कामच होतं. त्याने ते फार मनावर घेतलं. ड्यूटीवरून गेल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, झोपणं बाहेरच्या खोलीत. हात तर असा धुवायचा की मी स्टाफला बोलावून दाखवावं. मी बोलावून दाखवलंही. बघा, शिका, असं म्हटलं. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्यापलीकडे मी काही बघितलं नाही.

करिश्मा विठ्ठलवाडीला माहेरी बाळंत झाली. मुलगी, ठणठणीत, नाव दिशा. गोदाबाईंनी मला पेढे पाठवले आणि पेढेवाल्याने हातमोजे घातले होते असा निरोपही दिला. माय-लेक कोपरला परत आल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. तू येऊन जा, म्हणाल्या, तो तुजाच ऐकतो. काय झालं ते सांगितलं नाही. त्याच आठवड्यात प्रितमचा दुसरा एक्स-रे आणि बाकीच्या तपासण्या आल्या होत्या, त्या घेऊन मी गेले.

प्रितम मुलीला मांडीवर घेऊन बसला होता आणि तोंडावर एन-९५ होता. घरात, दुपारी, खिडक्या उघड्या. नाकावर मास्कच्या तारेचा वळ पडून पडून कायमचा झालेला. मुलगी मास्ककडे बघून हसत होती, हात वर करून तो पकडायला बघत होती. करिश्माने सांगितलं की मुलगी झाल्यापासून त्याने तिच्यासमोर एकदाही मास्क काढलेला नाही. जेवतो गॅलरीत. काढ म्हटलं की म्हणतो, सिस्टरला विचारून सांगतो.

मला त्याने कधीच विचारलं नव्हतं. मी त्याला तसं म्हटलं.

तो मुलीकडे बघत राहिला. "सिस्टर, तेव्हा कडू लागत होतं आणि मी नाही म्हणत होतो," तो म्हणाला. "सगळ्यांना म्हणत होतो. आता खोकला नाही, ताप नाही, हे पण मीच म्हणतोय ना."

मला त्याचं फार वाईट वाटलं. मी त्याच्यासमोर रिपोर्ट ठेवले. एक्स-रे स्वच्छ, बाकी सगळं स्वच्छ. पुढची तपासणी करूच, पण आज तुझ्यापासून या मुलीला काहीही होणार नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने रिपोर्ट उलटसुलट करून वाचले, पण मास्क तसाच ठेवला. इतक्या वर्षांत मी जे वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं ते मला म्हणावं लागलं.

"हे तू म्हणत नाहीयेस प्रितम, मी म्हणतेय. मास्क काढ."

"नक्की ना सिस्टर?"

"काढ."

त्याने एका हाताने मागचे पट्टे सोडवले आणि मास्क खाली घेतला. गुळगुळीत गाल, नाकावर वळ. मुलगी हसायची थांबली. तिने त्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं, कपाळ बघितलं, तोंड बघितलं. मग तिचा खालचा ओठ पुढे आला आणि तिने घर डोक्यावर घेतलं. परका माणूस उचलून नेतोय अशी ती रडत होती. प्रितमचा हात मास्ककडे गेला. गोदाबाईंनी तो वरच्या वर धरला.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "वलख व्हाला टाइम लागतो."

करिश्मा त्याच्या शेजारी येऊन बसली, पण तिने मुलीला घेतलं नाही. प्रितम हुंदके देणाऱ्या पोरीला छातीशी धरून हलवत राहिला. त्याच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. मला तिथे बसवेना. मी उठले, बेसिनवर जाऊन नीट हात धुतले, आणि जाताना सांगितलं की खिडक्या उघड्याच ठेवा.